ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेल्यावर काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. देपालपूरकडच्या शेतात चालणाऱ्या आपल्या पेट्रोलवरच्या पॉवर वीडरचे इंजिन गिअरच्या ॲल्युमिनियम केसिंगवर ८ मिलिमीटरच्या चार बोल्टांनी बसवलेले आहे. त्यांतला एक बोल्ट आवळताना अचानक हलका झाला आणि नुसताच फिरू लागला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला केसिंगचे आटे गुंडाळलेले होते. गावातल्या मिस्त्रीने भोकात एम-सील भरून बोल्ट दाबून बसवायला सांगितले, दुसऱ्याने भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडू असे म्हटले, आणि सोयाबीनची कोळपणी तर तोंडावर आली आहे. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी २६ वर्षे देखभाल विभागात काम केले आणि आता सांवेर रस्त्यावर माझे छोटे वर्कशॉप आहे. या काळात अशी बिघडलेली भोके मी शेकड्यांनी दुरुस्त केली आहेत. त्या अनुभवावरून एवढे आग्रहाने सांगतो की आटे का गेले हे कळल्याशिवाय ड्रिलला हात लावू नये. कारण तसेच राहिले, तर कितीही चांगली दुरुस्ती पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा निकामी होते.

आपल्या बाबतीत कारण आपण पाठवलेल्या छायाचित्रातच दिसते. बोल्टच्या टोकाला जी पांढरट, तारेसारखी गुंडाळी अडकली आहे तिचे फेरे मोजा; मला ते पाच दिसतात. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, १.२५ मिलिमीटर असते. म्हणजे हा बोल्ट केसिंगमध्ये जेमतेम सव्वासहा मिलिमीटर शिरलेला होता. आता आपण दिलेली मापे पाहा. इंजिनची पाटी १० मिलिमीटर जाड, स्प्रिंग वॉशर आणि साधा वॉशर मिळून ३.६, आणि हा बोल्ट २० मिलिमीटर लांब; वजाबाकी केली की उरतात ६.४. बाकीचे तिन्ही बोल्ट मात्र २५ मिलिमीटरचे आहेत. म्हणजे मूळचा बोल्ट कधीतरी शेतात पडला आणि त्याच्या जागी डब्यात सापडलेला आखूड बोल्ट लावला गेला. पोलादी बोल्ट पोलादी नटात बसवायचा असेल तर त्याच्या व्यासाइतकी पकड पुरते, पण ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे १२ ते १६ मिलिमीटर पकड हवी, कारण ॲल्युमिनियमचे आटे पोलादापेक्षा बरेच आधी कातरले जातात. त्यातही सगळे आटे भार सारखा वाटून घेत नाहीत. तोंडाजवळचा पहिला आटाच साधारण एक तृतीयांश भार उचलतो. तो गेला की दुसऱ्यावर भार येतो, मग तिसऱ्यावर, आणि शेवटी एका क्षणी सगळे मिळून निघतात. पाना अचानक हलका झाल्याचे आपल्याला जाणवले ते यामुळेच. इंदुरातले मिस्त्री याला ‘चूडी मर गई’ म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे, पण चूडी कोणी मारली हे ते सहसा पाहत नाहीत.

या निदानातून एक चांगली गोष्ट निघते. आपल्या भोकाची खोली १८ मिलिमीटर आहे आणि त्यातले वरचे सहा-साडेसहा मिलिमीटरच खराब झाले आहेत. त्याखालचे आटे वापरातच आलेले नसल्यामुळे शाबूत असण्याची पुष्कळ शक्यता आहे. टॉर्च तिरका धरून आत पाहा. खाली आटे स्वच्छ दिसत असतील तर भोक रॉकेलने धुवून, फुंकर मारून कोरडे करा आणि ३० मिलिमीटरचा बोल्ट हाताने फिरवून पाहा. तो खालच्या आट्यांना पकडून सहज आत जात असेल, तर हंगाम निभावण्यापुरती दुरुस्ती एका बोल्टाच्या किमतीत झाली. मात्र येथे एक धोका आहे. ३० मधून पाटीचे १० आणि एका साध्या वॉशरचे १.६ वजा केले तर १८.४ उरतात, आणि भोक तर १८ च आहे. तेव्हा बोल्टचे टोक तळाला टेकेल, पान्याला तो घट्ट लागेल, पण पाटी मात्र दाबली जाणार नाही. अशा वेळी दोन साधे वॉशर घालावेत, म्हणजे बोल्ट १६.८ आत जाईल, तळाशी मिलिमीटरभर जागा राहील आणि चांगल्या आट्यांपैकी आठ पकडीत येतील. मी याला कायमची दुरुस्ती म्हणणार नाही, परंतु कोळपणी होईपर्यंत ती नक्की टिकेल, आणि घाईत कोणाकडून तरी भोक तिरके पाडून घेण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी.

बोल्ट आणायला इंदूरच्या सियागंज बाजारात जाल तेव्हा ‘अडीच सुताचा बोल्ट’ मागू नका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. हातात धरला तर तो ८ मिलिमीटरच्या बोल्टसारखाच दिसतो. पण जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या ब्रिटिश पद्धतीत या बोल्टला इंचाला १८ आटे असतात, म्हणजे पिच १.४१ मिलिमीटर, आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. मेट्रिक बोल्टचा पिच १.२५ आणि कोन ६०. त्यामुळे असा बोल्ट मेट्रिक भोकात दोन फेरे हाताने जातो, तिसऱ्याला अडतो, आणि तेव्हा पाना लावला की मऊ ॲल्युमिनियमचे आटे तो मुकाट्याने खरवडून टाकतो. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी माळव्यातल्या विहिरींवर चालणाऱ्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या डिझेल इंजिनांवर इंची बोल्ट अजून आहेत. एकाच शेतकऱ्याच्या एकाच डब्यात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या भोकांपैकी बरीचशी या एका गोंधळातून आलेली असतात. ओळख सोपी आहे. खात्रीचा मेट्रिक बोल्ट आणि नवा बोल्ट यांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडासमोर धरावेत. पिच वेगळा असेल तर दोन-तीन आट्यांनंतर मधून उजेड दिसू लागतो. डोक्यावर ८.८ असा आकडा, म्हणजे मजबुतीची खूण, असलेला बोल्टच घ्यावा.

आता कायमच्या दुरुस्तीकडे येतो. आपल्या केसिंगसाठी माझी निवड हेलिकॉइल ही आहे. हेलिकॉइल म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारख्या छेदाची स्टेनलेस तार स्प्रिंगसारखी वळवून केलेले आटे. जुने भोक थोडे मोठे करून त्यात खास टॅपने नवे, मोठे आटे पाडतात आणि ही गुंडाळी त्यांत फिरवून बसवतात, म्हणजे आत पुन्हा ८ मिलिमीटरचेच आटे तयार होतात. तिचा मोकळा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे ती स्वतःच्या ताणाने धरून बसते, गोंद लागत नाही. लोकांना हा जुगाड वाटतो, पण तसे नाही. ॲल्युमिनियमवर येणारा भार आता ८ ऐवजी सुमारे ९.६ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर पसरतो आणि बोल्ट पोलादाला घासतो, ॲल्युमिनियमला नाही. म्हणून नीट बसवलेली हेलिकॉइल मूळच्या आट्यांपेक्षा मजबूत ठरते, आणि जे बोल्ट वारंवार काढावे लागतात त्यांच्या जागी काही उत्पादक नव्या यंत्रातही ती आधीपासूनच बसवतात.

ड्रिल लावण्यापूर्वी भोकाभोवती तडा नाही ना, हे तपासणे अत्यावश्यक आहे. पेट्रोलने जागा स्वच्छ करावी, त्यावर रॉकेल लावून दहा मिनिटे मुरू द्यावे, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे आणि खडूची भुकटी भुरभुरवावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल वर येऊन पांढऱ्या खडूवर केसासारखी काळसर रेघ उमटते. रेघ उमटली तर हेलिकॉइलचा विचार सोडून द्यावा. भोकाच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत चार मिलिमीटरपेक्षा कमी धातू उरला असेल तरीही मी ती बसवत नाही, कारण ड्रिल आणि टॅप मिळून त्यातले बाजूला जवळजवळ दीड मिलिमीटर खाऊन टाकतात.

८ बाय १.२५ च्या हेलिकॉइलसाठी ड्रिल ८.३ मिलिमीटरचे लागते. येथेच बहुतेक कामे बिघडतात, कारण भोक आधीच ६.८ च्या आसपास असल्यामुळे ड्रिलच्या वाट्याला दोन्ही बाजूंना पाऊण मिलिमीटरच धातू येतो. मऊ ॲल्युमिनियममध्ये एवढ्या पातळ थराला ड्रिलची धार स्क्रूसारखी रुतते, हातातले यंत्र पुढे ओढले जाते आणि भोक वाकडे किंवा लंबगोल होते. यावर उपाय असा की ड्रिलच्या दोन्ही धारांच्या पुढच्या कडा तेलाच्या दगडावर दोन-चार वेळा हलकेच घासून किंचित बोथट कराव्यात. मग ड्रिल रुतत नाही, खरवडत पुढे जाते. दुसरी गोष्ट म्हणजे हात कितीही बसलेला असला तरी केवळ नजरेने सरळपणा राखता येतो, असे मानू नये. मी लोखंडाच्या २० मिलिमीटर जाड पट्टीत पिलर ड्रिलवर ८.३ चे भोक पाडून ठेवले आहे. ती पट्टी खराब भोकावर बरोबर बसवून शेजारच्या चांगल्या भोकात बोल्ट लावून आवळतो आणि तिच्यातून ड्रिल घालतो. अशी पट्टी कोणताही लेथवाला अर्ध्या तासात करून देईल. वर्कशॉप सुरू केले त्या पहिल्या वर्षी घाईत मी पट्टीशिवाय एक भोक पाडले. आटे व्यवस्थित बसले, पण बोल्टचे डोके एका बाजूला आधी टेकू लागले, आणि तो बोल्ट थोड्याच दिवसांत डोक्याखाली वाकून तुटला. त्यानंतर मी पट्टीशिवाय एकही भोक पाडलेले नाही.

आपले भोक बंद तळाचे, १८ मिलिमीटरचे आहे, तेव्हा १२ मिलिमीटर लांबीची हेलिकॉइल घ्यावी. १६ ची बसवायला टॅप तळापर्यंत जावा लागेल आणि तेवढी जागा तेथे नाही. ड्रिलवर १८ मिलिमीटरला खूण करावी. चिकटपट्टी सरकते, म्हणून शक्य असेल तर छोटी कॉलर लावावी. त्यानंतर किटमधला टॅप घ्यावा. तो ‘८’ असे लिहिलेले असूनही दिसायला ९.६ चा असतो, आणि साध्या ८ च्या टॅपने हे काम होत नाही. तेल म्हणून ॲल्युमिनियमला रॉकेल उत्तम. सुरुवातीचे दोन फेरे झाल्यावर टॅपला दोन बाजूंनी गुण्या लावून पाहावा, कारण तिरका शिरलेला टॅप तेव्हाच सुधारता येतो, नंतर नाही. मग अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, असे करत जावे आणि दर तीन-चार फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून कीस झाडावा. बंद तळाच्या भोकात कीस दाबला गेला तर टॅप मोडतो, आणि ॲल्युमिनियममध्ये मोडलेला टॅप काढणे ही मूळ दुरुस्तीच्या दहापट मेहनत असते. भोक गिअरच्या तेलात उघडत असेल, तर टॅपच्या खोबणींत घट्ट ग्रीस भरावे, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो.

भोक पेट्रोलने धुवून हवेने कोरडे केल्यावर हेलिकॉइल बसवायच्या दांडीवर चढवावी. तिच्या तळाशी आडवी वळवलेली छोटी जीभ असते. दांडीच्या खाचेत ती अडकते. दांडी फक्त फिरवावी, खाली दाबू नये, कारण दाबल्यास तार एक आटा ओलांडून पुढच्या आट्यात उडी मारते. शेवटचा फेरा पृष्ठभागाच्या अर्ध्या आट्याने, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर खाली गेला की थांबावे. वर राहिली तर पाटी तिच्यावर टेकते आणि पहिल्याच आवळणीत तार उपसली जाते. मग जीभ पंचाने एक छोटा, नेमका घाव घालून तोडावी आणि बाहेर काढावी. बरेच जण चुंबक घालतात आणि जीभ येत नाही म्हणून ती तळाशी तशीच सोडतात. हे स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. वेगळ्या बारीक तारेच्या टोकाला ग्रीस लावून जीभ उचलावी. ती खालीच राहिली तर नेमकी बोल्टच्या टोकाखाली येऊ शकते.

एम-सीलबद्दल आपण विचारले म्हणून सांगतो की टाकीची गळती थांबवायला ते चांगले आहे, पण आट्यांचे काम ते करू शकत नाही. इंजिनची उष्णता आणि एका सिलिंडरचे सततचे धक्के यांत ते भुगा होऊन निघते, आणि नंतर भोक साफ करण्याचे काम मात्र वाढवून ठेवते. तांब्याची तार किंवा टेफ्लॉन टेप भोकात घालून बोल्ट आवळण्याचा प्रकारही असाच आहे. बोल्ट घट्ट लागतो, पकड मात्र नसते. वेल्डिंगचा पर्याय चुकीचा नाही, पण तो शेवटचा आहे. वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियमवर वेल्डिंग फेसाळते. काम आर्गॉनच्या टिग वेल्डिंगनेच, केसिंग पूर्ण उघडून आणि बेअरिंग व रबरी सील काढून व्हावे लागते, आणि उष्णतेने बेअरिंगची जागा वाकली तर सगळे केसिंगच बदलावे लागते. तडा असेल, तरच तो मार्ग धरावा. भोक लंबगोल झाले असेल तर लेथवर पोलादाचा बुश करून घ्यावा, बाहेरून १२ चे आणि आतून ८ चे आटे पाडून. अर्थात तेवढा धातू भोकाभोवती असायला हवा. भोक आरपार असेल आणि मागे पाना जात असेल, तर या सगळ्याची गरजच नाही. लांब बोल्ट घालून मागे नट लावावा.

बसवताना चारही बोल्ट नवे, २५ मिलिमीटरचे घ्यावेत, कारण एक ढिला असताना बाकीच्या तिघांनी जास्तीचे धक्के सोसलेले आहेत. स्प्रिंग वॉशर मी वापरत नाही. जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर याने १९६९ मध्ये दाखवून दिले की आडव्या धक्क्यांत बोल्ट आपोआप सैल होत जातो, आणि त्याला खरोखर रोखतो तो बोल्टचा पुरेसा ताण. स्प्रिंग वॉशर अशा धक्क्यांत फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून एक जाड साधा वॉशर आणि बोल्टच्या आट्यांवर लॉकटाइट २४३ चे, म्हणजे आट्यांत घट्ट होऊन बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब एवढे पुरते. लाल, कडक प्रकारचे लॉकटाइट मात्र लावू नये. नाहीतर पुढे बोल्ट काढताना हेलिकॉइलही त्याच्यासोबत फिरून बाहेर येते. एकाच वॉशरने २५ चा बोल्ट १३.४ मिलिमीटर आत जातो, म्हणजे हेलिकॉइलची पूर्ण लांबी वापरली जाते.

आवळणीसाठी यंत्राच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच पाळावा. नसेल तर ॲल्युमिनियममधल्या ८ च्या बोल्टला सुमारे २२ न्यूटन-मीटर ठीक आहे. टॉर्क पाना, म्हणजे आवळणीचा जोर मोजणारा पाना, नसेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या, १३ च्या पान्यावर बोल्टच्या मध्यापासून १५ सेंटीमीटरवर तो अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर १५ किलो दिसले की थांबा. पाइप चढवून पाना लांब करू नका. चारही बोल्ट आधी हाताने टेकवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन टप्प्यांत आवळा. पाटीखाली वाळलेल्या काळ्या मातीचा एखादा पापुद्रा जरी राहिला तरी काही तासांच्या कामात तो चुरडतो आणि बोल्टचा ताण निघून जातो, म्हणून दोन्ही पृष्ठभाग आधी पात्याने खरवडून आणि पुसून घ्यावेत.

लॉकटाइटला पक्के व्हायला २४ तास द्या. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पाटीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रोज काम संपल्यावर चिखल धुताना त्या चार रेघा पाहा. एखादी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट नुसता आवळून पुढे जाऊ नका. तो काढा, आटे आणि पृष्ठभाग स्वच्छ करा, नवे लॉकटाइट लावा आणि पुन्हा त्याच मापाने आवळा. तसे करूनही तीच रेघ दुसऱ्यांदा तुटली तर यंत्र माझ्याकडे घेऊन या, कारण मग दोष बोल्टात नसून बहुधा पाटी वाकलेली असते.